पत्र्याचा कूलर, वाळ्याच्या ताट्या आणि दोघांचा उन्हाळा

छत्रपती संभाजीनगरात भाड्याच्या घरात राहणाऱ्या नव्या जोडप्याने उन्हाळ्यासाठी काय घ्यावे, असे मला कोणी विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे. स्थानिक कारागिराकडून करवून घेतलेला, जाड पत्र्याचा, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या बसवलेला कूलर घ्यावा. लग्नानंतरचा आमचा पहिला उन्हाळा अशाच एका कूलरच्या सोबतीने गेला. हा अभिप्राय त्याची बनावट, किंमत, पाणी आणि देखभाल यांविषयी आहे. त्याच्यामुळे आमच्या घरात रोज घडत गेलेल्या लहान लहान सुखांविषयीही मी लिहिणार आहे, कारण ती सुखे वगळली तर या वस्तूचे खरे मोल सांगता येत नाही.

आमचे घर गारखेडा भागात, तीन मजली इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. बैठकीची एक खोली, झोपण्याची एक खोली, स्वयंपाकघर आणि पश्चिमेला उघडणारी एक मोठी खिडकी, एवढाच त्याचा पसारा. वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्र उलटेपर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहतो, हे मराठवाड्यात वरच्या मजल्यावर राहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. एप्रिल आणि मे महिन्यांत शहराचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा छताचा पंखा स्लॅबखालची तापलेली हवाच अंगावर ढकलतो. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, त्यामुळे मे महिन्याच्या सुटीतल्या माझ्या दुपारी घरातच जातात. माझे पती वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करतात, त्यामुळे त्यांची झोप एका आठवड्यात रात्री आणि दुसऱ्या आठवड्यात दिवसा असते. आमच्या घराला गारवा दुपारी आणि रात्री अशा दोन्ही वेळी हवा होता, आणि तो आमच्या दोघांच्या पगारात बसणारा हवा होता.

एसीचा विचार आम्ही केला नाही असे नाही. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना साधारण १,५०० वॅट वीज घेतो, तर आमच्या कूलरचा पंखा आणि पंप मिळून २०० वॅटच्या आसपास घेतात, म्हणजे सलग दहा तास चालवला तरी मीटर २ युनिटांच्या आसपासच पुढे सरकते. शिवाय भाड्याच्या घराच्या भिंतीला भोके पाडायची, नळ्या बसवायच्या आणि घर बदलताना ते सारे पुन्हा उतरवायचे, हा खटाटोप आम्हाला नको होता. आणखी एक कारण आहे, आणि ते मला विजेच्या बिलाइतकेच मोलाचे वाटते. एसीच्या घरात दारे-खिडक्या बंद कराव्या लागतात, कूलरच्या घरात त्या उघड्या ठेवाव्या लागतात. समोरचे दार उघडे असले की खालच्या मजल्यावरून घरमालक काकूंची हाक ऐकू येते, जिन्यातून कोणी आले-गेलेले कळते, आणि परगावाहून लग्न होऊन आलेल्या मुलीला आपण एका वस्तीत राहतो आहोत, हे जाणवत राहते.

मोठ्या कंपन्यांचे प्लास्टिकचे कूलर आम्ही दुकानांत जाऊन नीट पाहिले. ते दिसायला नेटके आहेत, त्यांना चाके आहेत, त्यांचा आवाज कमी आहे आणि त्यांच्या पुठ्ठ्याच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळ्या गवताच्या ताट्यांपेक्षा जास्त वर्षे टिकतात. ज्यांना कूलर खोलीच्या आतच ठेवावा लागतो किंवा ज्यांच्या घरात तान्हे मूल आहे, त्यांनी तेच घ्यावेत, असे मी प्रामाणिकपणे सुचवेन. परंतु त्याच किमतीत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या कूलरचा पंखा लहान असतो आणि आमच्या तापलेल्या खोलीला त्याचा झोत पुरला नसता. मोटर जळाली तर कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसावे लागते, हा घरमालक काकांचा अनुभव होता. पत्र्याच्या कूलरची मोटर, पंप, पंख्याचे पाते, तोटी यांतील प्रत्येक भाग गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विजेच्या दुकानात मिळतो आणि तो कोणताही मिस्त्री अर्ध्या तासात बदलून देतो.

जुन्या शहरातील बाजारपेठेत पत्राकाम करणाऱ्या एका कारागिराकडे आम्ही मार्चच्या सुरुवातीला गेलो. तयार कूलर रांगेने उभे होते, तरी त्यांनी आम्हाला आधी खोलीची आणि खिडकीची मापे विचारली आणि मगच बोलणे पुढे नेले. त्यांच्या दुकानात जे शिकायला मिळाले, ते कोणत्याही माहितीपत्रकात नसते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. पत्र्याची जाडी गेजमध्ये मोजतात आणि आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. “ताई, २६ गेजचा घेऊ नका, स्वस्त पडतो पण पंखा लावला की सगळा कूलर थरथरतो. २४ चा घ्या, पाच-सात वर्षं बघायचं काम नाही,” असे ते म्हणाले आणि दोन्ही पत्र्यांवर बोटाने ठोकून त्यांनी आम्हाला आवाजातला फरक ऐकवला. टाकीच्या आतून काळा डांबरी रंग दोनदा दिलेला असावा, सांध्यांवर तो जास्त जाड असावा आणि रिकाम्या टाकीत पाणी भरून ती तासभर दुकानातच ठेवून गळती तपासावी, हेही त्यांनीच सांगितले. मोटर तांब्याच्या तारेच्या वाइंडिंगची आहे की ॲल्युमिनियमच्या, हे विचारून घ्यावे. किमतीत काही शेकड्यांचा फरक पडतो, परंतु ॲल्युमिनियमची मोटर दिवसभर चालली की लवकर तापते. ताट्यांवर पाणी सोडणाऱ्या वरच्या पन्हळीची भोके सारख्या अंतरावर आहेत का, हे आमच्यासारख्या नव्या गिऱ्हाइकाच्या लक्षातही येत नाही. वास्तविक ताटी एकसारखी भिजणे त्या भोकांवरच अवलंबून असते, आणि जिथे ताटी कोरडी राहते तिथून बाहेरची गरम हवा तशीच आत शिरते.

आम्ही १८ इंची पंख्याचा, साधारण ५५ लिटर टाकीचा कूलर साडेसात हजार रुपयांना घेतला. खिडकीबाहेर बसवायच्या लोखंडी स्टँडचे बाराशे रुपये वेगळे पडले. साधे गवत, म्हणजे लाकडाच्या बारीक सालींच्या ताट्या त्या किमतीतच येतात. वाळ्याच्या ताट्यांसाठी जास्तीचे पैसे मोजावे लागले आणि ते द्यावेत की नाही, यावर आम्ही दोघे दुकानातच बराच वेळ बोलत उभे होतो. शेवटी माझ्या पतींनी, “पहिलाच उन्हाळा आहे, वाळाच घेऊ,” असे म्हणून विषय संपवला. केवळ गारव्याचा हिशोब केला तर साध्या गवताच्या चांगल्या ताट्याही जवळपास तेवढेच काम करतात, म्हणून ज्यांना खर्च आवरता घ्यायचा आहे त्यांनी त्याच घ्याव्यात. वाळ्याचे पैसे आम्ही सुगंधासाठी दिले. पहिल्यांदा पाणी सोडले त्या संध्याकाळी ताट्या हळूहळू वरून खाली भिजत गेल्या, पंखा सुरू केला, आणि ओल्या मुळांचा तो वास घरभर पसरला. माझ्या आजोळी सोयगावला माठात वाळ्याची जुडी टाकत असत, तो वास मला इथे तिसऱ्या मजल्यावर भेटला. आम्ही त्या रात्री दिवे मालवून बराच वेळ नुसते कूलरसमोर बसलो होतो. महिनाभरानंतर हा सुगंध पुष्कळ कमी होतो, हेही सांगायला हवे.

कूलर गारवा कसा देतो, हे समजून घेतले तर त्याच्याकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, हे आपोआप कळते. पाण्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते. एक लिटर पाणी हवेत उडून जाताना साधारण पाऊण युनिट विजेच्या थोडी खाली भरेल इतकी उष्णता हवेतून ओढून घेते, आणि तीच हवा पंखा आत ढकलतो. माठही याच तत्त्वावर पाणी गार ठेवतो. हवा जितकी कोरडी, तितके पाणी जास्त उडते आणि गारवा वाढतो. बाहेर ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या ताटीतून हवा सैद्धांतिक दृष्ट्या फार तर २४ अंशांपर्यंत उतरू शकते. ताट्या पूर्ण कार्यक्षम नसतात, म्हणून प्रत्यक्षात २८ ते ३० अंशांची हवा अंगावर येते, आणि ४२ अंशांच्या दुपारी ही घट म्हणजे निवांत झोप आणि नुसती तळमळ यांमधले अंतर आहे. याउलट हवेत ६० टक्के आर्द्रता आणि ३४ अंश तापमान असेल, तर तोच कूलर जेमतेम चार-पाच अंशांचा फरक पाडतो आणि वर अंग चिकट करून ठेवतो. मुंबईत राहणारी माझी मावसबहीण कूलरला नावे ठेवते ते तिच्या जागी बरोबरच आहे, कारण ही वस्तू कोरड्या प्रदेशासाठीच आहे. मराठवाड्याचा मार्च ते मे हा काळ तिच्यासाठी जणू मापून दिलेला आहे.

याच कारणाने कूलर बंद खोलीत ठेवणे चुकीचे आहे. त्याची पाठ मोकळ्या हवेकडे हवी आणि समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला वाट हवी. आमचा कूलर खिडकीबाहेरच्या स्टँडवर आहे आणि त्याच्या समोरचे बैठकीचे दार आम्ही वीतभर उघडे ठेवतो. दार पूर्ण लावले की थोड्या वेळातच खोली दमट होते आणि उघडले की पुन्हा कोरडा, सरळ झोत येतो. खिडकी पश्चिमेची असल्यामुळे दुपारनंतर कूलरच्या पत्र्यावर थेट ऊन पडत होते. त्यावर काकांनी गच्चीवरून हिरव्या जाळीचा एक तुकडा बांधून दिला आणि संध्याकाळचा गारवा वाढला, हे आम्हा दोघांनाही स्पष्टपणे जाणवले.

आता दुपारविषयी. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात माझे पती सकाळी आठच्या सुमारास घरी येतात, पोहे किंवा मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झोपतात आणि दुपारी उशिरा उठतात. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, लग्नापूर्वी, ते चार मित्रांसोबत खोली करून राहत होते. तेव्हा दिवसाची झोप म्हणजे ओला पंचा अंगावर घेऊन कूस बदलत राहणे असे, हे ते सांगतात. यंदा ते अशा दुपारी शांत झोपू शकले. कूलरचा आवाज मोठा आहे, हा त्याचा दोष म्हणून मी पुढे नोंदवणारच आहे, परंतु दिवसा झोपणाऱ्या माणसासाठी तो एकसुरी आवाज रस्त्यावरचे हॉर्न आणि शेजारच्या बांधकामाची ठोकाठोक झाकून टाकतो. मी तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, झोताच्या कडेला चटई टाकून वाचत बसते. हातातल्या पुस्तकाची पाने उडू नयेत म्हणून त्यावर दुधाचे रिकामे भांडे ठेवावे लागते. घरात कोणी बोलत नसते, तरीही त्या दोन-तीन तासांत एकटेपणा वाटत नाही.

झोताच्या वाटेवर एका तिवईवर आम्ही माठ ठेवला आहे. अक्षय्य तृतीयेला आणलेला हा नवा माठ ओल्या कापडात गुंडाळून तिथे ठेवला की त्यातले पाणी इतके गार होते की फ्रिजच्या बाटलीची आठवण राहत नाही, आणि दातही शिवशिवत नाहीत. टरबुजाचीही अशीच सोय झाली. आमचा फ्रिज लहान आहे आणि बाजारातून आणलेले अख्खे टरबूज त्यात बसत नाही, म्हणून कूलरची वीज बंद करून, बाजूची ताटी काढून ते टाकीच्या पाण्यात ठेवायचे आणि संध्याकाळी वर काढून स्वच्छ पाण्याने धुऊन कापायचे, ही माझ्या पतींची युक्ती. टाकीतले पाणी दुपारभर ताट्यांवरून फिरत राहिल्याने बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ गार झालेले असते. त्या टरबुजाच्या फोडी मीठ लावून, गच्चीच्या जिन्यात बसून खाण्यात जे सुख आहे, ते मी या अभिप्रायात गुण म्हणूनच धरते आहे.

मे महिन्यात सासूबाई अंबडहून आठ-दहा दिवस राहायला आल्या होत्या. सकाळी ऊन वर येण्याआधी गच्चीवर कुरडया आणि खारोड्या घालायच्या, दहा वाजता खाली येऊन कूलरसमोर पाय पसरून बसायचे, हा त्यांचा आणि माझा दिनक्रम होता. त्या काळात मी त्यांच्याशी जितके बोलले, तितके लग्नानंतरच्या सगळ्या सणवारांत मिळून बोलले नव्हते. त्यांची एक सूचना सर्वांसाठी उपयोगी आहे. पहाटे गारवा आपोआप वाढतो, तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा मंद गतीने चालू ठेवावा, नाहीतर अंग आखडते. पंप आणि पंखा यांची बटणे वेगवेगळी असलेलाच कूलर घ्यावा, हे त्यामुळे मी आवर्जून सांगते.

पाण्याविषयी मात्र मला गंभीरपणे लिहिले पाहिजे. १८ इंची पंख्याचा कूलर कडक दुपारी तासाला आठ-दहा लिटर पाणी पितो, म्हणजे भरलेली टाकी पाच-सहा तासांत तळाला जाते. ज्या शहराच्या नळाला रोज पाणी येत नाही, तिथे ही गोष्ट हलकी नाही. आपले पाणी पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून येते. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. त्याच्या जलाशयाचा, म्हणजे नाथसागराचा, एकूण साठा १०० टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) थोडा अधिक आहे, तरीही ते पाणी चढावरून शहरात आणून घरोघरी पोहोचवणे ही वेगळीच कसरत आहे. मराठवाड्याने लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागल्याचे पाहिले आहे. त्यामुळे कूलर चालवणाऱ्या प्रत्येक घराने पाण्याचा हिशोब ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

आम्ही घरापुरते काही नियम केले. दुपारी बारापूर्वी पंप लावायचा नाही, नुसता पंखा चालवायचा. दोघेही बाहेर असू तेव्हा खोली आधीच गार करून ठेवण्याचा मोह टाळायचा. टाकी काठोकाठ न भरता लागेल तेवढीच भरायची, म्हणजे शेवटी खारट झालेले पाणी फार उरत नाही, आणि जे उरते ते फरशी पुसायला वापरायचे. झाडांना ते घालू नये, कारण पाणी उडून जाते पण क्षार टाकीतच साठत जातात. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी कूलरमध्ये ओतण्याचा सल्ला अनेक जण देतात, परंतु त्यात आधीच क्षार जास्त असतात आणि ताट्या पांढऱ्या पडून कडक होतात. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनाही हाच त्रास होतो.

टाकी भरण्याचे काम आम्ही दोघे मिळून करतो. स्वयंपाकघरातल्या ड्रममधून मी बादली भरून देते, ते खिडकीशी उभे राहून टाकीत ओततात. या कामाला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि दिवसभरात काय झाले, कोणाचा फोन आला, घरी किती पैसे पाठवायचे, ही सगळी बोलणी याच वेळात होतात. पाइप लावून हे काम एकट्याने करता येईल, तसा पाइप काकांकडे आहेही. आम्ही तो मागितलेला नाही.

देखभालीत टाळाटाळ चालत नाही. आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून, ब्रशने घासून, उन्हात कोरडी करावी लागते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस चुकवू नये. रविवारी सकाळी आम्ही ताट्या काढून गच्चीवर वाळत घालतो, पन्हळीच्या भोकांत अडकलेली काडी-कचरा सुईने काढतो आणि पंपाची जाळी धुतो. ताट्यांना कुबट वास येऊ लागला तर एकदा उन्हात खडखडीत वाळवल्यावर तो जातो. त्यानेही गेला नाही, तर ताट्या बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

सुरक्षेविषयीचा परिच्छेद कृपया कोणी वगळू नये. पत्र्याचा कूलर म्हणजे पाणी, लोखंड आणि वीज यांचा एकत्र मुक्काम आहे, आणि उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत येतात. तीन पिनांचाच प्लग वापरावा, घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे आणि शक्य असेल तर विजेची गळती ३० मिलिअँपिअरवर गेली की वीज तोडणारा आरसीसीबी बसवावा. आम्ही कूलर सुरू करण्यापूर्वी काकांच्या परवानगीने ही दोन्ही कामे करून घेतली आणि त्यासाठी झालेला खर्च मी कूलरच्याच किमतीत मोजते. पाणी भरताना, ताटीला हात लावताना, नुसते टाकीत डोकावतानाही बटण बंद करून भागत नाही. प्लग काढून हातात दिसला पाहिजे. आमच्या घरी बादली उचलण्यापूर्वी, “प्लग?” असे मी विचारते आणि, “काढला,” असे उत्तर आल्याशिवाय पुढचे काम होत नाही.

दोषांमध्ये आवाज पहिला. पूर्ण गतीवर पंखा असताना फोनवर बोलता येत नाही आणि समोरासमोरही आवाज चढवावा लागतो. त्यावर उपाय म्हणून आम्ही रेग्युलेटर बसवला आहे, तरी मंद गतीवर मोटर किंचित घुमते. दुसरा दोष वजनाचा. भरलेल्या टाकीसह हा कूलर इतका जड होतो की स्टँडचे बोल्ट भिंतीत नीट रुतलेले नसतील तर खालून जाणाऱ्यांना धोका आहे. हे काम स्वतः न करता जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. तिसरा दोष असा की वीज गेली की तो पाच मिनिटांत निरुपयोगी होतो आणि साध्या इन्व्हर्टरवर तो फार वेळ चालवता येत नाही. अशा रात्री आम्ही गच्चीवर सतरंजी टाकून झोपलो. त्या रात्रींविषयी माझी तक्रार नाही, परंतु वृद्ध माणसे किंवा रुग्ण घरात असतील तर या गोष्टीचा आधी विचार करावा. आणि धुळीचे काय, असे विचाराल तर ओली ताटी पुष्कळ धूळ अडवते, पण वावटळीच्या संध्याकाळी कूलर बंद ठेवणेच बरे, नाहीतर टाकीत चिखल साठतो.

या शहराला पाण्याने गारवा करण्याची विद्या नवी नाही, हे मला इथल्या ऐतिहासिक पाणचक्कीला गेल्यावर नेहमी जाणवते. डोंगराकडच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांमधून कित्येक किलोमीटर आणून, दाबाने वर चढवून तिथल्या हौदात सोडलेले आहे. त्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचे छत. भर उन्हाळ्यात त्या दालनात पाऊल टाकले की जो थंडावा लागतो, तो पाहुण्यांना दाखवण्यासारखा आहे. आम्ही पहिल्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळी दुचाकीवरून तिकडे एक फेरी मारली, येताना रसवंतीत उसाचा रस घेतला आणि घरी येऊन कूलर लावला. पाणचक्कीचे दालन बांधणाऱ्यांना आणि आमच्या पत्राकाम करणाऱ्या कारागिराला एकाच गोष्टीची जाण आहे, असे मी तेव्हा यांना म्हणाले. ते अभियांत्रिकीचे असल्यामुळे त्यांनी मला दोन्हींतला फरक समजावून सांगितला, आणि तो मी पूर्ण ऐकून घेतला.

जूनमध्ये वळवाच्या सरी सुरू झाल्या की या कूलरचे काम संपते. पहिल्या मोठ्या पावसानंतर पंप लावला तेव्हा उशा दमट झाल्या, म्हणून आम्ही पुढचे काही दिवस त्याचा फक्त पंखा वापरला आणि मग तो खाली उतरवला. ठेवणीत टाकताना टाकी पुसून पूर्ण कोरडी करावी, जिथे रंगाचे पोपडे निघाले असतील तिथे कानशीने गंज घासून पुन्हा काळा रंग द्यावा, मोटरीला दोन थेंब तेल घालावे आणि पंख्यावर गोणपाट बांधावे. ताट्या ठेवून देण्यात अर्थ नाही, त्या दर वर्षी नव्या घ्याव्यात. आम्ही कारागिराला एकच सुधारणा सांगितली आहे. टाकीची तोटी तळाच्या थोडी वर असल्याने शेवटचे दोन-तीन लिटर पाणी कापडाने टिपून काढावे लागते, ती अगदी तळाशी आणि मोठ्या तोंडाची करून हवी. दिवाळीनंतर आणून द्या, दीडशे रुपयांत करून देतो, असे ते म्हणाले आहेत. ज्यांना पुढच्या उन्हाळ्यासाठी नवा कूलर करवून घ्यायचा असेल त्यांनी फेब्रुवारीतच मापे देऊन ठेवावीत, कारण एप्रिलमध्ये या कारागिरांना जेवायलाही फुरसत नसते आणि तेव्हा दुकानात उरलेला, हाताला येईल त्या गेजचा कूलर घ्यावा लागतो.